निसटलेला टाका

नाशिक जिल्ह्यातल्या निफाडची थंडी तुम्ही पेपरात वाचली असेलच. तिथे माझ्या आजोबांची द्राक्षबाग. कडाक्याच्या थंडीत घड जपायला ते रात्री बागेत शेकोट्या पेटवत. पाय मात्र गारठून जात. मी सातवीत असताना ठरवलं, आजोबांना लोकरीचे मोजे विणून द्यायचे!

आईच्या डब्यात उरलेले गुंडे होते. ताईच्या स्वेटरची लाल लोकर, बाबांच्या मफलरची निळी, बाळाच्या टोपड्याची पिवळी. मोजा गोल विणतात. तीन सुयांवर टाके आणि चौथीने विणायचं. टाचेपाशी मी अगदी रडकुंडीला आले. दोनदा उसवलं. तिसऱ्यांदा एक टाका निसटला, तो तसाच दडवला. कोणाला दिसणार?

आठवड्यात टाचेला हे एवढं भोक! टाके एकमेकांत अडकवलेले असतात ना, एक सुटला की खालचे भराभर सुटतात.

"आजोबा, मला तेव्हाच कळलं होतं," मी खाली मान घालून म्हटलं.

"मग आता नीट वीण, पोरी. मी थांबतो की," आजोबा हसले.

बोटांपासून टाचेपर्यंत उसवून मी पुन्हा विणलं. त्या रात्री चपला चढवून आजोबा बागेत निघाले, तर कंदिलाच्या उजेडात लाल-निळे-पिवळे पाय कसे उठून दिसत होते!

अजूनही टाका निसटला, की मी आधी मागे जाते.