सेंट पीटर स्ट्रीटवरची तसबीर

न्यू ऑर्लिन्समध्ये सेंट पीटर स्ट्रीटवरच्या ७२६ क्रमांकाच्या दारात उभा राहिलो आणि वाटले, पत्ता चुकला! रंग उडालेल्या भिंती, चार बाकडी, पुढे जमिनीवर बसायला उशा. ध्वनिक्षेपक नाही, मद्यही नाही. आपल्याकडच्या एखाद्या गावच्या चावडीचा थाट याहून अधिक असेल. पण जगभरचे रसिक ज्याच्या दारात रांग लावतात, तो 'प्रिझर्व्हेशन हॉल' हाच!

आत गेल्यावर माझी नजर वाजवणारांआधी भिंतींवर गेली. तिथे जुन्या वादकांची चित्रे लावलेली. मी पडलो पेंटर! दिवंगतांचे फोटो समोर ठेवून तसबिरी रंगवण्यात माझी चाळीस वर्षे गेली. तेव्हा हा दोष क्षम्य मानावा.

१९५०च्या दशकात इथे लॅरी बोरेनस्टाइन नावाच्या गृहस्थांची चित्रांची गॅलरी होती. दुकान टाकून गाणे ऐकायला जाता येईना, म्हणून त्यांनी वादकांनाच दुकानात बोलावले. गोऱ्यांनी आणि काळ्यांनी मिळून करमणूक करू नये, असा कायदा लुइझियाना राज्याने १९५६ साली केला, ते हे दिवस. पुढे १९६१ साली ॲलन आणि सँड्रा जॅफी या दांपत्याने इथला कारभार हाती घेतला. साठीच्या त्याच दशकात नोएल रॉकमोर या न्यूयॉर्कहून आलेल्या चित्रकाराने इथल्या वादकांची शेकडो चित्रे काढली.

माणसे तरी कशी! बिली पिअर्सबाई पियानोवर ब्लूज गात. त्यांचे यजमान डी डी ट्रंपेट वाजवीत आणि क्रिओल गाणी म्हणत. शब्द फ्रेंचच्या घरचे, पण वळण या मातीतले. डी डींची दृष्टी पुढे गेली. स्वतःची तसबीर त्यांनी डोळ्यांनी कधी पाहिली नसणार! आणि स्वीट एमा बॅरेट पियानोला बसत त्या पायांना घंट्या बांधून. आपल्याकडे घुंगरू बांधतात तशा. १९६७ साली अर्धांगाचा झटका आला, तरी बाई उजव्या हाताने वाजवीत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी माझेही हात शिवशिवू लागले. जॅक्सन स्क्वेअरच्या लोखंडी कठड्याला चित्रकार आपली चित्रे टांगून बसतात. तिथे एक म्हातारा गिटारवर ब्लूज गात होता. मध्येच एखादे क्रिओल गाणेही म्हणे. त्याची परवानगी घेतली आणि समोर बसकण मारली. चेहरा कोळशाने काढला, वर जलरंगाचा हात फिरवला. कॉफीची तपकिरी पिशवी फाडून चिकटवली, तिचा कोट झाला. वर्तमानपत्राच्या कपट्यांची टोपी झाली. अशा मिश्र माध्यमाला आमच्या धंद्यात कोणी विचारीत नाही, म्हणून हौस भागवून घेतली. नाक-डोळे हुबेहूब उतरले होते. मोठ्या ऐटीत कागद त्याच्यापुढे धरला.

म्हातारा बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "चेहरा माझाच आहे, पोरा. पण पाय कुठं आहे?"

साठीच्या घरातल्या मला कोणी पोरा म्हटल्याचा आनंदसुद्धा त्या प्रश्नापुढे टिकला नाही. त्याचा उजवा पाय सकाळपासून फरशीवर ठेका धरीत होता. सगळे गाणे त्या पायावर उभे होते आणि मी छातीशी चित्र संपवले होते! चाळीस वर्षांत मी किती तसबिरी केल्या असतील; एकीलाही पाय नव्हता. गिऱ्हाइकाने कधी मागितला नाही, मला कधी सुचला नाही. त्यांतले कोण कसे चालत होते, कोण ठेका धरीत होते, मी कधी विचारलेच नाही.

मी एक कोरा कागद घेतला, त्यावर कोळशाची पूड पसरली आणि तो त्याच्या बुटाखाली सरकवला. "आजोबा, आता एक होऊन जाऊ द्या!"

म्हातारा मनापासून हसला आणि त्याने क्रिओल गाणे धरले. गाणे संपले तेव्हा कागदावर बुटाच्या ठशांवर ठसे चढले होते. टाच फिकी, चवडा काळाभोर. एका कडेला कागद फाटलाही होता. तो तसाच मी तसबिरीच्या खाली चिकटवला.

"आता बसलो मी," म्हातारा म्हणाला, आणि त्याने पुढच्या गाण्याला पाय उचलला.