ओझे कोणाचे?

दिघीच्या धक्क्यावर उभे राहिले म्हणजे राजपुरीच्या खाडीच्या मुखाशी जंजिऱ्याचा जलदुर्ग दिसतो. १९४८ पर्यंत हा मुलूख जंजिरा संस्थानात होता. गादीवर नबाब असत. पण त्यांच्यावर हुकमत इंग्रजांची चाले. त्या काळी माझे आजोबा या धक्क्यावर नारळ-सुपारीची पोती मचव्यात चढवीत असत. त्यांच्या खांद्याला कायमचा घट्टा पडला होता.

मी शाळेत असताना इंग्रजी कवितांचे एक जुने पुस्तक माझ्या हाती लागले. त्यातील रुडयार्ड किपलिंग यांची ‘गोऱ्या माणसाचे ओझे’ ही कविता मला फार आवडली. अर्थ पुरता कळला नव्हता; पण तिचा ठेका असा, की पावले आपोआप ताल धरीत. मी ती पाठ केली आणि एके दिवशी मोठ्या ऐटीत आजोबांना म्हणून दाखविली.

“छान म्हटलीस,” आजोबा म्हणाले. “आता तिचा अर्थ सांग पाहू.”

मी शब्दकोश घेऊन बसलो. कवी गोऱ्या लोकांना सांगत होता, की दूरदेशीच्या लोकांवर राज्य करणे हे तुमचे कष्टाचे कर्तव्य आहे. ते लोक अजाण आहेत, रानटी आहेत. त्यांच्यासाठी झिजा आणि त्यांच्याकडून आभाराची अपेक्षा ठेवू नका. सांगता सांगता माझा आवाज खाली आला. ‘ते लोक’ म्हणजे कोण, हे मला एकाएकी उमगले. त्यांच्यापैकीच एक माझ्यासमोर बसले होते.

आजोबा रागावले नाहीत. खांद्यावरून हात फिरवीत एवढेच म्हणाले, “बाळ, ओझी तर आम्ही वाहिली. साहेबाच्या खांद्यावर मी कधी पोते पाहिले नाही!”

पुस्तक समुद्रात फेकून द्यावे असे मला वाटले. आजोबांनी ते माझ्या हातून काढून घेतले. “फेकू नकोस. कोण काय म्हणाले ते ठाऊक असावे. नाही तर उत्तर कशाला देणार?”

पुढे मी अधिक वाचले. किपलिंग १८६५ साली मुंबईतच जन्मले होते. लहानपणी ते घरच्या नोकरांशी हिंदुस्थानी भाषेत बोलत. १९०७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ही कविता १८९९ सालची. फिलिपाईन्स बेटांवर ताबा मिळविणाऱ्या अमेरिकेला उद्देशून ती लिहिली होती. त्याच वर्षी तेथील लोक स्वातंत्र्यासाठी अमेरिकेशी लढत होते. पण त्यांचा आवाज कवितेत कोठेच नाही. दोनच वर्षांनी, १९०१ साली, दादाभाई नौरोजी यांनी आपल्या इंग्रजी ग्रंथात हिंदुस्थानची संपत्ती इंग्लंडकडे कशी वाहून जाते, हे आकडे देऊन दाखविले. ओझे कोणी वाहिले, या आजोबांच्याच प्रश्नाचे ते उत्तर होते.

मुलांनो, गोड ठेका खोट्या गोष्टीलाही खरेपणाचा रंग देतो. म्हणून कविता वाचताना विचारावे: हे कोण बोलतो आहे? कोणाला सांगतो आहे? आणि ज्यांच्याविषयी बोलतो, त्यांना बोलू दिले आहे काय? आपल्या स्वतःच्या विजयाची गाणी गातानाही हे प्रश्न विसरू नयेत.

ते पुस्तक अजून माझ्याजवळ आहे. कवितेचा ठेका तोच आहे. पण आता त्याबरोबर मला धक्क्यावरून पोते घेऊन चालणारी आजोबांची पावलेही ऐकू येतात.