खाड्याचा हिशेब

दौंड तालुक्यातल्या वरवंडच्या शिवारात पहाटे चारला उसावर कोयता पडतो. सरकारी दवाखाना उघडतो सकाळी नऊला. तोडणीला आलेली बाई दवाखान्यात का येत नाही, हे कळायला एवढं पुरे आहे. तरी दर हंगामात तेच ऐकू येतं : "अडाणी लोक, कितीही सांगा, ऐकत नाहीत." या वाक्याचा मला मनापासून राग येतो.

दिवाळीच्या आगेमागे बीड-जालन्याकडून टोळ्या उतरतात. पाटसचा भीमा कारखाना आहे, आसपास गुऱ्हाळं आहेत. ऊस कुणाचा ना कुणाचा तोडायचाच असतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल कधीच खर्चून गेलेली. दिवस बुडाला की खाडा : मजुरी जाते, वर दंड कापतात. अशा बाईला "उद्या दौंडला जाऊन सोनोग्राफी करून ये" म्हटलं की ती मान डोलावते आणि जात नाही. एकटी कशी जाणार? नवरा सोबत गेला की अख्खा कोयता बसला. तिचा हिशेब चोख असतो. आपणच तो विचारलेला नसतो.

न विचारण्याची किंमत किती, ते २०१९ साली दिसलं. राज्य सरकारने नेमलेल्या नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे बीड जिल्ह्यातली पाहणी आली, तेव्हा ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. फडात आडोसा नाही, धुवायला पाणी नाही, पाळीतही मोळ्या वाहायच्या, अंगावरून जात असलं तरी सांगायचं कुणाला? मग कुणीतरी म्हणतं, पिशवीच काढून टाक, कटकट मिटेल. आणि ती काढते.

आमच्या भागातल्या एक सिस्टर संध्याकाळी पाचनंतर तोडणीवाल्यांच्या कोप्यांवर, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांवर, जातात. त्यांच्यासोबत गेले होते, तेव्हाचं सांगते. एका पोटुशी पोरीच्या रक्ताच्या गोळ्यांची पाकिटं कोपीच्या पाचटात तशीच खोचलेली होती. सिस्टर रागावल्या नाहीत. गोणपाटावर बसल्या आणि विचारलं, "खाल्ल्यावर काय होतं गं?" पोरगी सासूकडे बघत म्हणाली, "मळमळतंय. पहाटं चहासंगं घेतली, फडात उलटी झाली. आन् शी काळी झाली." सासूचं म्हणणं वेगळं : गोळीनं पोर मोठं होतं, बाळंतपण अवघड जातं. सिस्टर आता सासूकडे वळल्या. "मावशी, गोळीनं पोराचं डोकं वाढत नाही, हिच्या अंगात रक्त भरतं. बाळंतपणात रक्त गेलं तर तेच कामी येतं. शी काळी होते ती लोहानं, त्याला भ्यायचं नाही." मग त्यांनी वेळच बदलून दिली : चहासोबत नको, चहानं गोळी लागू पडत नाही; रात्री भाकरी खाल्ल्यावर घ्यायची, कालवणात लिंबू पिळायचं. पाकिटं सासूने स्वतःच्या पिशवीत ठेवली. गोळ्या तिच्या हातून दिल्या जाणार, हे सिस्टरांनी आधीच ओळखलं होतं. याला मी शुश्रूषा म्हणते. औषध तेच राहिलं, फक्त ते त्या कोपीच्या दिवसात बसवून दिलं.

बाईचं दुखणं बाईनेच विचारावं, हे सांगणं जुनंच आहे. केडगाव इथून जवळ. तिथे मुक्ती मिशन उभारणाऱ्या पंडिता रमाबाईंनी १८८२ मध्येच हंटर आयोगापुढे सांगितलं होतं की, बायका आपलं दुखणं पुरुष डॉक्टरला सांगू शकत नाहीत आणि त्यापायी जीव गमावतात, म्हणून स्त्री डॉक्टर हव्यात. पुढे १८९७ च्या प्लेगमध्ये सरकारी इस्पितळात बायकांची काय गत होते, याबद्दलही त्या जाहीरपणे बोलल्या. त्याच साथीत सोजिरांच्या घरझडत्यांना पुणेकर भ्याले होते आणि त्याच साथीत रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. रोग एक, गाव एक. माणसाला हात लावण्याची रीत मात्र केवढी वेगळी!

सिस्टरांचं हे संध्याकाळचं जाणं नेमून दिलेल्या कामात बसत नाही, त्या आपल्या मनाने जातात. त्यांची बदली झाली की ते थांबणार. म्हणून मला वाटतं, गाळपाच्या महिन्यांत फडाजवळच्या उपकेंद्रांची वेळच संध्याकाळची करावी. तपासणीच्या दिवसाचा खाडा कारखान्याने सोसावा. हंगाम संपून पट्टा पडला की टोळी गावी परतते, तेव्हा गरोदर बाईच्या कार्डावर तिच्या गावच्या आशाताईंचा नंबर लिहिलेला असावा आणि इथून त्यांना फोन गेलेला असावा.