दिल्लीचे मास्टर रामचंद्र आणि लंडनचे डी मॉर्गन

उर्दू माध्यमाच्या मुलांचे पालक मला हमखास विचारतात, "सर, उर्दूतून गणित शिकून मूल पुढं जाणार कुठं?" प्रश्न रास्त आहे. काटकसरीनं घर चालवणाऱ्या बापाला तो पडणारच. अशा वेळी मी त्यांना मास्टर रामचंद्रांविषयी सांगतो. आपल्याकडं हे नाव फारसं कुणाला ठाऊक नाही.

रामचंद्र १८२१ साली पानिपतला एका कायस्थ घरात जन्मले. वडील लवकर गेले. ते शिकले दिल्ली कॉलेजात आणि पुढं तिथंच शिक्षक झाले. अजमेरी दरवाजाजवळच्या गाजीउद्दीन मदरशातून हे कॉलेज उभं राहिलं होतं. तिथं गणित आणि विज्ञान उर्दूतून शिकवलं जाई, त्यासाठी इंग्रजी पुस्तकांचे तर्जुमे होत. रामचंद्रांनी स्वतः उर्दूत नियतकालिकं काढली आणि त्यांतून नव्या विज्ञानावर लिहिलं. उर्दूत गणिताची असंख्य पुस्तकं लिहिणारे मौलवी जकाउल्लाह हे त्यांचेच शागीर्द.

१८५० साली रामचंद्रांनी कलकत्त्यात स्वतःच्या खर्चानं एक इंग्रजी पुस्तक छापलं. विषय होता, एखाद्या राशीची सर्वांत मोठी किंवा सर्वांत लहान किंमत कशी काढायची. युरोपात यासाठी कलनशास्त्र वापरत. रामचंद्रांनी ते केवळ बीजगणितानं करून दाखवलं. दहावीच्या मुलांनाही कळेल असं उदाहरण घेऊ. १० चे दोन भाग करा, त्यांचा गुणाकार जास्तीत जास्त किती होईल? एक भाग 'क्ष', दुसरा '१० वजा क्ष', गुणाकार 'ग'. वर्गसमीकरण सोडवलं की क्ष येतो ५ अधिक-उणे (२५ वजा ग) चं वर्गमूळ. आता ग २५ पेक्षा मोठा झाला तर वर्गमुळाखाली ऋण संख्या येते, म्हणजे असे भाग पडूच शकत नाहीत. म्हणून उत्तर २५. बस्स, एवढंच.

यामागं भास्कराचार्यांच्या बीजगणिताची परंपरा आहे. ज्या विषयाला मराठीत आपण बीजगणित म्हणतो, त्याला उर्दूत म्हणतात जब्र-ओ-मुकाबला. हे नाव बगदादच्या अल-ख्वारिज्मींच्या ग्रंथातून आलेलं. रामचंद्रांच्या वर्गात या दोन्ही वाटा एकत्र येत होत्या.

कलकत्त्यात पुस्तकाचं स्वागत थंडच झालं. पण तिथल्या शिक्षण परिषदेचे अध्यक्ष बेथून यांनी त्याची प्रत लंडनला ऑगस्टस डी मॉर्गन यांना पाठवली. डी मॉर्गन युनिव्हर्सिटी कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. जन्म मदुराईचा, १८०६ सालचा. बाप कंपनीच्या फौजेत. केंब्रिजमध्ये पुढच्या पदवीसाठी धर्मनिष्ठेची कबुली द्यावी लागे. ती त्यांनी दिली नाही आणि तिथल्या नोकरीवर पाणी सोडलं. पत्रव्यवहार हा त्यांचा जणू दुसरा वर्गच होता. बायरनची मुलगी एडा लव्हलेस त्यांच्याकडं पत्रांतूनच उच्च गणित शिकली.

डी मॉर्गन यांनी पुस्तक वाचलं आणि ते कंपनीच्या संचालकांना लिहीत राहिले. रामचंद्रांकडून त्यांच्या आयुष्याची हकीकत मागवून घेतली. अखेर १८५९ साली कंपनीच्या हुकमानं पुस्तक लंडनला पुन्हा छापलं गेलं. प्रस्तावना डी मॉर्गन यांची, आणि त्यात रामचंद्रांची हकीकत त्यांच्याच शब्दांत.

पण मधल्या काळात काय घडलं, तेही सांगायला हवं. १८५२ साली रामचंद्रांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि आपल्या लोकांना ते परके झाले. १८५७ च्या उठावात त्याच कारणानं जीव वाचवून दिल्लीतून पळावं लागलं. इंग्रजांनी दिल्ली परत घेतल्यावर ते परतले, तर इंग्रज अधिकाऱ्यांनीच त्यांना त्रास दिला, कारण ते दिसायला हिंदुस्थानी होते. याची तक्रार त्यांनी लेखी केली. धर्म एकाला खुपला, रंग दुसऱ्याला. दोन्हीकडून संशय सोसणं म्हणजे काय, हे आपल्यापैकी अनेकांना समजावून सांगावं लागत नाही.

डी मॉर्गन यांच्या कौतुकात वडीलकीचा सूर आहे. हिंदुस्थानी बुद्धीला कुठल्या वाटेनं न्यावं, हे आपणच ठरवू, असा. तो मला खटकतो. शिवाय ज्या मुलांसाठी हे पुस्तक लिहिलं, त्यांच्या वर्गांत ते रुळलंच नाही. पदव्या आणि नोकऱ्या इंग्रजी अभ्यासक्रमाकडं गेल्या, तिथं ही पद्धत कुणाला हवी होती?

तरीही एक गोष्ट उरते. सात समुद्रांपलीकडच्या माणसानं एका अनोळखी शिक्षकाचं गणित तपासलं, त्यातलं चांगलं ओळखलं आणि त्यासाठी वर्षानुवर्षं पत्रं लिहिली. त्यासाठी त्यानं ना धर्म पाहिला ना रंग. रामचंद्रांना दाद मिळाली ती विषय पक्का होता म्हणून, आणि तो त्यांनी पक्का केला रोज उर्दूतून शिकवता शिकवता.

म्हणून पालकांना माझं सांगणं इतकंच असतं, भाषेची काळजी जरूर करा, मुलाला इंग्रजीही येऊ द्या. पण आधी विचारा, त्याला गणित समजलंय का? आणि शिक्षक भाऊ-बहिणींना विनंती, एखाद्या खेड्यातल्या शाळेतल्या शिक्षकानं उर्दूत किंवा मराठीत काही नवं लिहून पाठवलं, तर ते बाजूला ठेवू नका. वाचा, चूक असेल तर सांगा आणि दोन ओळींचं उत्तर लिहा.