कोनशिलेवर नसलेली नावं

पिरॅमिड म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? ममी, शाप, परग्रहावरून आलेले पाहुणे आणि उंटावर बसून काढलेला फोटो. बरोबर ना? माझ्या डोक्यात आणखी एक चित्र होतं. हातात चाबूक घेतलेला मुकादम आणि उन्हात दगड ओढणारे हजारो गुलाम. सगळी सिनेमांची कृपा! गेल्या हिवाळ्यात मी बाबांना घेऊन इजिप्तला गेले आणि हे चित्र पार पुसलं गेलं.

बाबांना का नेलं, ते आधी सांगते. ते एका सरकारी खात्यात साइटवर होते. छत्तीस वर्षं पूल, मोऱ्या आणि शाळांच्या इमारती. रिटायर झाले आणि एकदम गप्प झाले. एकदा कोकणात जाताना त्यांनी बांधून घेतलेल्या एका पुलापाशी आम्ही चहाला थांबलो. तिथे कोनशिला होती. तिच्यावर मंत्र्यांचं नाव, अध्यक्षांचं नाव, शिवाय तीन प्रमुख पाहुणे. बाबांचं नाव अर्थातच नव्हतं. ‘असंच असतं गं,’ म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

मी पडले फ्रीलान्सर. लेखाखाली नाव छापलं नाही म्हणून फोनवर भांडणाऱ्यांची आमची जमात. चेक उशिरा आला तर चालतो (म्हणजे चालत नाही, पण चालवून घेतो), नाव मात्र हवंच. त्यामुळे बाबांचं ते ‘असंच असतं’ काही केल्या डोक्यातून जाईना.

बहुतेक टूरवाले गिझाचे तीन पिरॅमिड दाखवतात आणि तुम्हाला थेट अत्तराच्या दुकानात नेऊन सोडतात. इजिप्तमध्ये पिरॅमिड शंभरहून जास्त आहेत, हे सांगायला कुणालाच वेळ नसतो. नाईलच्या पश्चिमेला, जिथे शेतं संपतात आणि एकदम वाळवंट सुरू होतं, त्या काठाने ते पसरलेत. सूर्य मावळतो ती मृतांची बाजू, म्हणून राजांची थडगी तिथे. गिझापासून दहशूरपर्यंतचा हा सगळा पट्टा १९७९ पासून जागतिक वारसा यादीत आहे. आम्ही दिवसभरासाठी टॅक्सी ठरवली आणि पहिल्यांदा गाठलं सक्कारा.

इथला जोसेर राजाचा पायऱ्यांचा पिरॅमिड म्हणजे या सगळ्या खानदानाचा मूळ पुरुष. साडेचार हजारांहून जास्त वर्षं जुना. आधी राजांची थडगी कच्च्या विटांची आणि बैठी असायची. इथे पहिल्यांदा दगडात, एकावर एक सहा टप्पे चढवत ६० मीटरच्या वर उंची गाठली. बरीच वर्षं दुरुस्ती चालल्यावर २०२० मध्ये तो पुन्हा उघडला. या कामामागचा माणूस म्हणून नाव घेतलं जातं ते इम्होतेपचं. गंमत म्हणजे सक्काराला जोसेरच्या एका पुतळ्याचा चौथरा सापडलाय आणि त्यावर राजाबरोबर इम्होतेपचंही नाव कोरलंय.

बाबा थबकले. ‘म्हणजे तेव्हा लिहायचे?’

‘लिहिलं तरी! निदान एकाचं.’

तीन साइट, एक मालक

दहशूरला गर्दी अशी नव्हतीच. मस्त शांतता, वारा आणि समोर वाकडा पिरॅमिड. खुफूचा बाप स्नेफेरू, त्याचं हे काम. खालचा उतार साधारण ५४ अंशांचा आणि निम्म्यावर आल्यावर एकदम ४३. जणू कुणीतरी मीटिंगमधून धावत येऊन सांगितलं, ‘थांबा, प्लॅन बदललाय!’ बाबांनी डोळ्यांवर हात धरून एक मिनिट पाहिलं. ‘खाली जमीन बसली असणार. वजन कमी करायला उतार पाडलाय.’

अभ्यासकही साधारण हेच म्हणतात. जमीन पुरेशी घट्ट नव्हती, आत तडे गेले. आतल्या दालनात तर लेबनॉनच्या देवदाराचे ओंडके टेकूसारखे लावलेले सापडले. हे ऐकल्यावर बाबा इतके खूश झाले, की जणू त्यांचंच टेंडर पास झालं! स्नेफेरूचं आणखी एक पिरॅमिड दक्षिणेला मैदूमला आहे. त्याचं बाहेरचं कवच कधीचंच ढासळलंय. आणि तिसरा इथेच, समोर दिसतो तो लाल पिरॅमिड. तो पहिल्या थरापासूनच ४३ अंशांत चढवला आणि नीट उभा राहिला.

बाबांचा गुडघा साथ देत नाही, म्हणून लाल पिरॅमिडच्या आत मी एकटी उतरले. साधारण ६० मीटरचा उतरता बोगदा, पाठ वाकवून जायचं. आत कोंदट हवा आणि अमोनियाचा उग्र वास. आणि मग मान वर केली तर छत! प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा आत सरकवलेला, असं करत करत दोन्ही बाजू वर एकमेकींना भेटतात. बाहेर आल्यावर बाबांचा पहिला प्रश्न, ‘छताला आधार कशाचा आहे?’ मी वाळूत काडीने आकृती काढून दाखवली. ते बराच वेळ त्या रेघांकडे बघत बसले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच ते मला काहीतरी आपणहून शिकवायला लागले.

खुफूचा ग्रेट पिरॅमिड मुळात १४६ मीटरहून उंच होता. अंदाजे तेवीस लाख दगड. पण मला तो आता चमत्कार वाटेना. बापाच्या तीन साइटवर जे ठेचकाळत शिकले, त्याच्यावर पोराचा परफेक्ट प्रोजेक्ट उभा राहिला, इतकं साधं.

मुकादम मेरेर

गिझात १९९० मध्ये एक घोडा मातीच्या विटांच्या भिंतीला अडखळला आणि पिरॅमिड बांधणाऱ्यांची थडगी सापडली. झाही हवास यांनी तिथे उत्खनन केलं. हाडं सांगतात की या लोकांच्या पाठी आणि गुडघे कामाने झिजले होते. पण मोडलेले हातपाय नीट बसवून बरे झालेलेही दिसतात, म्हणजे कुणीतरी उपचार केले होते. जवळच मार्क लेहनर यांच्या टीमला त्यांची वस्ती मिळाली. भट्ट्या, पाव, गुराबकऱ्यांची ढीगभर हाडं. कामाची सक्ती नव्हतीच असं नाही, पण सिनेमातले साखळदंडातले गुलाम हे नव्हेत. त्यांच्या टोळ्यांना नावंही होती. एक ‘खुफूचे मित्र’, दुसरी ‘मेनकौरेचे दारूडे’. आपल्या ऑफिसच्या क्रिकेट टीमची नावं याहून काय वेगळी असतात?

आणि मेरेर! २०१३ मध्ये पिएर ताले यांच्या टीमला लाल समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ इथे पपायरसचे तुकडे सापडले. लिहिलेले पपायरस म्हणून आजवर सापडलेल्यांत सर्वांत जुने. त्यात या मेरेर नावाच्या मुकादमाची रोजची नोंद आहे. कुठल्या दिवशी तुराच्या खाणीवर चुनखडी भरली, कुठल्या रात्री कुठे मुक्काम, कधी गिझाला पोचलो. भव्यदिव्य काहीच नाही. नुसती ये-जा.

‘हे तर आमचं एमबी!’ बाबा ओरडलेच. एमबी म्हणजे मोजमाप पुस्तक. साइटवरची प्रत्येक नोंद त्यात जाते आणि पुढे ते कुणीही वाचत नाही.

शेवटी रात्रीच्या ट्रेनने लक्झर. इथे काळ हजार-बाराशे वर्षं पुढचा. चोरांना कंटाळून राजांनी पिरॅमिड सोडले होते आणि डोंगरात थडगी लपवायला सुरुवात केली होती. ती म्हणजे व्हॅली ऑफ द किंग्ज. ती खोदणारे आणि रंगवणारे कारागीर जवळच्या देर अल-मदिना गावात राहायचे. त्यांचा एक हजेरीपट आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. गैरहजेरीची कारणं वाचा : विंचू चावला, डोळे आलेत, बिअर गाळायची होती, बॉसच्या खासगी कामाला गेला. तीन हजार वर्षांत एचआरने नवीन काहीच ऐकलेलं नाही!

याच लोकांनी तिसऱ्या रामसेसच्या २९व्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ११५० च्या सुमारास, धान्याचा पगार थकला म्हणून हत्यारं खाली ठेवली आणि देवळापाशी जाऊन ठिय्या दिला. नोंद असलेला हा जगातला पहिला संप. तो कागद इटलीत तुरीनला आहे. पगार मिळाला, पुन्हा थकला, पुन्हा संप झाला. माझ्या थकलेल्या चेकची आठवण यायला आणखी काय हवं?

पण मला सगळ्यात आवडली ती वेगळीच गोष्ट. राजांनी पिरॅमिड बांधणं बंद केल्यावर या कारागिरांनी स्वतःच्या थडग्यांवर छोटे छोटे पिरॅमिड बांधले. मातीच्या विटांचे, जेमतेम काही मीटर उंचीचे. आत भिंतींवर त्यांची नावं, बायकोचं नाव, पोरांची नावं. दिवसभर साहेबाचं काम आणि सुटीच्या दिवशी आपलं.

परत आल्यावर महिनाभराने बाबांनी एक दोनशेपानी वही आणली. रोज संध्याकाळी ते तिच्यात एकेक साइट लिहितात. पूल कुठला, पाया किती खोल गेला, कुठे पाणी लागलं. आणि खाली माणसं. मुकादम, गवंडी, सेंट्रिंगवाले, जेवण करणाऱ्या मावशी. काही नावं आठवत नाहीत, तेव्हा जुन्या सहकाऱ्यांना फोन लावतात आणि तासभर बोलत बसतात. घरात पुन्हा आवाज आलाय.

मी परवा चोरून वही उघडली. अकरा साइट झाल्यात. सगळ्यांची नावं आहेत, फक्त बाबांचं स्वतःचं नव्हतं. मग पहिल्या पानावर मी ते पेनाने लिहून टाकलं.