काळ्या थराखालचं चित्र

सहा-सात वर्षांचं मूल मन लावून चित्र काढतं, आणि मग अचानक काळा तैलखडू उचलून या कडेपासून त्या कडेपर्यंत घासत सुटतं. त्याचा हात धरायचा की नाही? कलाशिक्षकाची ए.टी.डी. पदविका करताना मला वस्तुचित्र शिकवलं, स्मरणचित्र शिकवलं, संकल्पचित्र आणि अक्षरलेखन शिकवलं. हे कुणी शिकवलं नाही. कोल्हापुरात शाळेत होते तेव्हा हा प्रश्न होता, निवृत्तीनंतर सुट्ट्यांमध्ये मुलांच्या कार्यशाळा घेते तेव्हाही तो समोर येऊन बसतोच.

काळं करणारी मुलं दोन प्रकारची. एकाच्या कागदावर गोष्ट चाललेली असते. गाडी निघाली, घाट लागला, पाऊस आला, रात्र झाली. रात्र झाली म्हणून सगळं काळं. त्याचं चित्र पुरं झालं. दुसरं मूल शेजारच्याच्या वहीत डोकावतं, आपला घोडा कुत्र्यासारखा दिसतोय हे त्याला कळतं, आणि कुणी हसायच्या आत ते घोडा गाडून टाकतं. पहिल्याला थांबवलं तर त्याची गोष्ट मध्येच तुटते. दुसऱ्याला थांबवलं नाही तर त्याची लाज त्याच्या एकट्याच्या गळ्यात राहते. कागदावर मात्र दोघांचंही सारखंच दिसतं: चकचकीत काळा थर, नखाने खरवडला तर खालून थोडासा पिवळा.

मला हे दोन प्रकार ओळखता येतात, याचा मला अभिमान होता. खडूचा दाब, उचललेले खांदे, श्वास. नव्या शिक्षिकांना मी तसं सांगायचे आणि त्या मान डोलवायच्या, तेही आवडायचं.

माझी भाची अ‍ॅनिमेशनचं काम करते. तिच्या आग्रहाने मे महिन्याच्या शिबिरात सकाळी शाडू आणि रंग, आणि शेवटचा तास आयपॅडचा असं ठरलं. माझं मन नव्हतं. काचेला दाणा नसतो. खडू कागदाला धरतो, अडतो, तुटतो, त्या अडण्यातून मुलाच्या मनगटाला काहीतरी कळत असतं. हे माझं मत आजही आहे. पण प्रोक्रिएट या चित्रकलेच्या अ‍ॅपमध्ये एक सोय आहे: काढलेली प्रत्येक रेघ नोंदली जाते आणि चित्र पहिल्यापासून शेवटपर्यंत झरझर पुन्हा पाहता येतं.

एका सात वर्षांच्या मुलीने पडदा पूर्ण काळा केला. खांदे वर, ओठ घट्ट, पेन्सिल अशी दाबलेली की काचेची काळजी वाटावी. मी तिला दुसऱ्या प्रकारात घातलं. भाचीने नोंद चालवली. आधी एक घर. घरात कपाट, पलंग, भिंतीवर घड्याळ. मग दाराच्या फटीतून निळी रेघ आत आली. ती जाड झाली. पलंग बुडाला, एका माणसाने टीव्ही डोक्यावर घेतला, कपाटाच्या वर मांजर चढलं, आणि घड्याळाशेजारून एक मासा गेला. ‘आता बघा बाई, आता लाइट जाणार,’ ती म्हणाली, आणि लाइट गेली. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी घराघरांत शिरलं तेव्हा ती पाळण्यात होती. तिने पूर ऐकलेला आहे, तोही जेवताना, झोपताना, पुन्हा पुन्हा. माशाच्या त्या क्षणी कागद तिच्या हातातून काढून घेता आला असता तर मी तो चौकटीत लावला असता. आणि तिचा पूर अर्धाच राहिला असता.

क्लुझो या फ्रेंच दिग्दर्शकाने 1956 मध्ये पिकासोवर फिल्म केली. शाई आरपार झिरपेल अशा कागदावर पिकासो काढतो आणि कॅमेरा मागच्या बाजूने पाहतो. फुलांचा मासा होतो, माशाचा कोंबडा, कोंबड्याचा चेहरा. ही फिल्म पाहिली होती, वाहवाही केली होती. माझ्या हॉलमध्ये सतरंजीवर बसलेली पोरं रोज तेच करताहेत असं मात्र कधी मनात आलं नव्हतं.

म्हणूनच हल्लीच्या दोन तासांच्या कॅनव्हास पार्ट्यांचा मला राग येतो. सगळ्यांचा मोर एकाच दिशेला पाहणारा, सगळ्यांचं आकाश जांभळं, शेवटचा हात ताईंचा. पालक खूश, भिंत सजली. छापील आकृतीत रंग भरायच्या स्पर्धा त्याहून वाईट. व्हिक्टर लोवेनफेल्डने 1947 च्या आपल्या पुस्तकात अशा छापील चित्रांविरुद्ध लिहून ठेवलं. 1944 पासून वर्ध्याजवळ सेवाग्रामला मुलांना चित्रकला शिकवणाऱ्या देवीप्रसादांनी कलेला शिक्षणाचा पायाच मानलं. वर्धा काही परदेशात नाही. तरी आमच्याकडे मूल चांगलं काढायला लागलं की पहिला प्रश्न येतो, ‘मॅडम, एलिमेंटरीच्या परीक्षेला कधी बसवायचं?’

पण नोंद पाहण्याने माझा प्रश्न सुटला असं झालं नाही. थोड्याच दिवसांत मोठी मुलं नोंदीसाठीच काढू लागली. माणूस काढायचा, पुसायचा, पुन्हा काढायचा, म्हणजे पाहताना जादू दिसते. त्यात मजा आहे, ती मी थांबवत नाही. अडचण दुसऱ्या प्रकारच्या मुलांची. एक मुलगा, नऊ वर्षांचा, शाडूत फार सुरेख हात चालणारा. त्याने काही काढलं, काळं केलं, आणि भाची जवळ येताना पाहून मला हळूच विचारलं, ‘बाई, ते व्हिडिओतनं पण पुसता येतं का?’

कागदावर त्याचा घोडा सुरक्षित होता. शाडूचा घोडा आवडला नाही तर मुठीत दाबला की पुन्हा नुसता गोळा, कुणाला पत्ता नाही. आणि इथे मी गाडलेलं सगळं वर काढणारं यंत्र त्याच्या मांडीवर ठेवलं होतं. मी त्याला नोंद कशी बंद करायची ते दाखवलं, आधीची कशी काढून टाकायची तेही. तेव्हापासून तो नोंद बंद करूनच काढतो, आणि पूर्वीपेक्षा जास्त काढतो. पडदा बहुतेक वेळा काळाच असतो. मी जवळ बसते, शाडूच्या ओलाव्याबद्दल बोलते, मुद्दाम पडद्याकडे पाहत नाही.

भाचीचं म्हणणं, नोंद सरसकट सुरू ठेवावी, पालकांना दाखवायला बरी पडते. माझा त्याला विरोध आहे. दिवाळीच्या शिबिरात सुरू ठेवायची की बंद, हे पहिल्याच दिवशी ज्याचं त्याला विचारणार आहे. सगळ्यांनी बंद म्हटलं तर ते मी मानीन, पण मला ते जड जाईल. मुलांसाठी म्हणून मी कितीही बोलले, तरी तो मासा सगळ्यांच्या आधी मला दिसला याचा आनंद अजून उतरलेला नाही, आणि तसं काहीतरी पुन्हा दिसावं अशी मला हाव आहे.