तुटक रेषा

तुळजापूरहून नळदुर्गाकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळं रान लागतं. त्या रानात आमचं गाव. हमरस्त्यापासून गावापर्यंत डांबर आलं, पण गावापासून शेतापर्यंत अजून पाणंदच. दोन्ही बाजूंना घाणेरी आणि तरवड, मधूनच बोराटी. माझी शाळा शेजारच्या गावात होती, त्यामुळे पाणंद संपली की पुढं चार जणांच्या बांधांवरून पाऊलवाट. मृग बरसला की चपला हातात. काळ्या मातीच्या चिखलात त्या पायात ठेवण्यात अर्थच नसतो.

ही पाणंद माझ्या डोळ्यांदेखत आकसली. तशी कुणी एका रात्रीत अडवली नाही. दर वर्षी नांगराचं एक तास आत येतं, बांध कोरला जातो, पुढच्या साली तिथं तुरीची ओळ दिसते, आणि काही वर्षांनी ‘इथं रस्ता होता कधी?’ असं विचारणारी माणसं भेटतात. गंमत अशी, की याच काळात बैलगाडी जाऊन ट्रॅक्टर आला, मळणीयंत्र आलं. यंत्रं रुंद होत गेली आणि वाट अरुंद. आमच्या खालच्या तुकड्यातलं सोयाबीन पोती डोक्यावर घेऊन वर काढावं लागायचं. आबांनी अर्ज केला, तारखा पडल्या, शेजाऱ्याशी बोलणं बंद झालं. त्या प्रकरणात मी गाव नकाशा पहिल्यांदा पाहिला. त्यावर गाडीवाट दुहेरी तुटक रेषेनं दाखवलेली असते, पायवाट एकेरी. आमची पाणंद कागदावर ठसठशीत होती. आबा त्या रेषेवर बोट ठेवून नुसते बघत राहिले.

पुढं नगररचना शिकायला शेफील्डला गेलो. वर्ग सुरू व्हायच्या आधीच पोचलो होतो. सप्टेंबर महिना, ओळखीचं कुणी नाही, आणि खोलीत बसून करायचं काय? दुकानात नारिंगी वेष्टनाचा ऑर्डनन्स सर्व्हेचा नकाशा मिळाला: पीक डिस्ट्रिक्टचा उत्तर भाग, चार सेंटिमीटरला एक किलोमीटर. उघडला तर पानभर हिरव्या तुटक रेषा. शेतांमधून, गोठ्यांच्या अंगणांतून, चर्चच्या मागून. खाली खुलाशात लिहिलेलं, की या सार्वजनिक हक्काच्या वाटा आहेत. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा वाटांचं जाळं सव्वादोन लाख किलोमीटरच्या आसपास आहे, हे नंतर कळलं.

शेफील्डहून मँचेस्टरकडे जाणारी गाडी घेतली आणि ईडेल नावाच्या चिमुकल्या स्थानकावर उतरलो. तिथून 1965 साली खुली झालेली पेनाइन वे ही स्कॉटलंडच्या हद्दीपर्यंतची लांबलचक पायवाट निघते. मला एवढं लांब जायचं नव्हतं. मी कॅसलटनच्या बाजूला वळलो. दगडावर दगड रचलेल्या, चुना-माती नसलेल्या भिंती, त्यांत चढून पलीकडे उतरण्यासाठी बसवलेल्या लाकडी पायऱ्या. खांबावर पिवळा बाण. पायरीची कड अनेक वर्षांच्या बुटांनी झिजून मधोमध खोलगट झाली होती. त्या पायरीवर एक पाय ठेवून मी बराच वेळ थांबलो, कारण पलीकडे चक्क कुणाचं तरी रान होतं. मेंढ्या चरत होत्या, पाठीवर निळ्या रंगाची खूण. आमच्याकडे अशा वेळी लांबून हाळी येते, ‘कोन हाय रं तिकडं?’ मग आपण कुणाचे, कुठं निघालो, हे सगळं सांगून होईपर्यंत पुढं सरकता येत नाही.

मेंढ्यांमागून चारचाकी मोटारसायकलवर शेतकरी आला, मागं कुत्रा. उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. त्यानं एक बोट वर केलं, ‘मॉर्निंग’ म्हणाला आणि निघून गेला. बस्स.

संध्याकाळी घरी फोन लावला. भारत तेव्हा साडेचार तास पुढं, म्हणजे आबांचं जेवण उरकलेलं.

‘रान त्येचं हाय ना?’

‘हाय.’

‘अन् तू मधनं गेलास?’

‘व्हय.’

‘काय म्हनला न्हाय?’

‘हात केला, आबा.’

पलीकडं बराच वेळ आवाज नाही. मग विचारलं, ‘नांगरल्यावर काय करतेत?’

हा खरा शेतकऱ्याचा प्रश्न. उत्तर मला तेव्हा ठाऊक नव्हतं, विद्यापीठाच्या ग्रंथालयात सापडलं. शेताच्या कडेनं जाणारी वाट नांगरताच येत नाही. मधोमध जाणारी नांगरता येते, पण पहिल्यांदा मोडल्यापासून चौदा दिवसांत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते, किमान एक मीटर रुंद. आबांना हे सांगितलं तर म्हणाले, ‘चौदा दिस? आमच्याकडं चौदा वर्सं व्हायला आली.’

इंग्रज जात्याच सज्जन आणि आपण जात्याच भांडखोर, असा निष्कर्ष काढणारे बरेच भेटतात, परदेशी जाऊन आलेल्यांत तर जास्तच. मला तो पटत नाही. ईडेलच्या वरच्या अंगाला किंडर स्काउट नावाचं पठार आहे. त्यावर एके काळी सामान्य माणसाला पाय ठेवायची सोय नव्हती. तिथं जमीनदारांच्या शिकारीसाठी ग्राउस पक्षी राखलेले असत. 24 एप्रिल 1932 रोजी शेकडो कामगार पोरं, मनाई मोडून, हेफील्डच्या बाजूनं त्यावर चढली. पुढे होता विशीतला बेनी रॉथमन. राखणदारांशी झटापट झाली, सहा जणांना अटक झाली, पाच जणांना तुरुंगवास. 1949 साली कायदा झाला आणि गावोगावच्या वाटा अधिकृत नकाशावर नोंदवायचं बंधन आलं. 1951 मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे त्या देशाचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. आजही वाट सोडून कुठंही मोकळं भटकता येईल अशी जमीन इंग्लंडमध्ये जेमतेम आठ टक्के. म्हणजे त्या शेतकऱ्याच्या वर केलेल्या बोटामागं चांगुलपणा असेलही, पण कुणाकुणाचा तुरुंगवास नक्की आहे.

आमच्या भागाला इंग्रजांची ओळख फार जुनी. निजामानं 1853 साली नळदुर्ग ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती दिलं, तेव्हा कारभार बघायला फिलिप मेडोज टेलर आले. जन्म लिव्हरपूलचा, पंधराव्या वर्षी हिंदुस्थानात उतरलेले. तुळजापूरच्या पार्श्वभूमीवर त्यांनी ‘तारा’ ही कादंबरीही लिहिली. एकट्या पोरानं अनोळखी मुलुखात जाणं दोन्ही बाजूंनी घडलेलं आहे. फरक एवढाच, की ते राज्य करायला आले होते आणि मी शिष्यवृत्तीवर गेलो होतो.

आपल्याकडे माणसं चालत नाहीत असंही नाही. कोजागरीच्या सुमाराला सोलापूर-तुळजापूर रस्ता बघावा. पंचेचाळीस किलोमीटर, वाहनं दुसरीकडून वळवलेली, आणि लाखो माणसं देवीच्या नावानं पायी. आईबरोबर मीही चाललो आहे. पण उगाच एकटं, नवसाशिवाय रानातून चालणारा माणूस दिसला की आपण विचारतो, ‘गाडी बंद पडली का?’

कायदे आपल्याकडेही आहेत. मामलतदार न्यायालय अधिनियम 1906 सालचा, म्हणजे किंडर स्काउटच्या चढाईपेक्षा जुना. त्याच्या कलम 5 खाली अडवलेली वाट मोकळी करून मागता येते, पण अडवल्यापासून सहा महिन्यांत. आमच्याकडे सहा महिने चहापाण्याच्या बैठकांतच जातात. वाटच नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली बांधावरून मागता येते. शिवाय शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात घेण्याचं शासनानं 2025 मध्ये ठरवलं आहे. उशीर झाला, पण माझ्या मते नुसता मुरूम टाकण्यापेक्षा हे काम मोठं. मुरूम दोन पावसाळ्यांत वाहून जातो. नोंद पुढच्या खरेदीदारालाही बांधून ठेवते.

तेव्हा गावी शेत असेल तर भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची नक्कल काढा. रान मोकळं असतं त्या एप्रिल-मे महिन्यात ती हातात घेऊन तुटक रेषेवरून एकदा चालून या, जमलं तर शेजाऱ्याला बरोबर घेऊन. वाट कुठं मोडलेली दिसली तर अर्ज पेरणीच्या आधी द्या. सहा महिन्यांची मुदत लक्षात असू द्या.